दोन ते तीनची पाळी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुठलंही काम हातात घ्यायचं झालं की आधी प्रार्थना होते. पंचांची बैठक असो, प्रार्थनामंदिराच्या छपराची कवेलू बदलायची असोत, नाहीतर कुणाच्या लग्नाचा मांडव घालायचा असो. आधी सगळे खाली बसतात आणि अर्धा तास दुसरं काही बोलत नाहीत. बाहेरगावचे पाहुणे याचं फार कौतुक करतात. ही शिस्त कुणी लावली, असं विचारतात. मग पोरंपोरी माझ्याकडे बोट दाखवतात, कारण त्या काळातली आता मीच काय ती उरले आहे. मी पाहुण्यांना सांगते की आमच्याकडे एक उपदेशक आले होते, त्यांनी लावली. हे खोटं नाही. पण एवढंच सांगून मी इतकी वर्षं वेळ मारून नेली आहे, आणि या वयात मला त्याची लाज वाटते. म्हणून लिहायला बसले.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली हा त्यातला एक तालुका. आमचं गाव गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, जंगलात. गडचिरोलीपासून बैलगाडीने पुरता एक दिवस. गावात ख्रिस्ती घरं अकरा. काही गोंडांची, काही तलावावर मासे धरणाऱ्यांची, काही मजुरीवर जगणाऱ्यांची. मातीच्या भिंतींचं एक मंदिर आणि त्याला लागून एका खोलीची शाळा. त्या शाळेवर मी शिकवत होते, म्हणून सगळे मला बाई म्हणत. वय चोवीस, लग्न झालेलं नाही आणि जीभ तिखट. गावात भिंतीवरचं घड्याळ एकच, ते शाळेत, आणि त्याला किल्ली द्यायचं काम माझं. त्या एका घड्याळामुळे मी स्वतःला बरीच मोठी समजत असे.

तोवर आमच्याकडे प्रार्थना म्हणजे उठता उठता उरकायची गोष्ट होती. पंचांच्या बैठकीत नाताळच्या जेवणाला कोंबडी की बकरा यावर दीड तास भांडण होई, आणि शेवटी कुणीतरी "प्रभू, आमाले आशीर्वाद दे" म्हणे. तोवर अर्धे लोक दाराबाहेर गेलेले असत. रविवारी पाळकसाहेब चांद्याहून दोन-तीन महिन्यांतून एकदा येत, तेव्हा तेवढे आम्ही गंभीर चेहरे करून बसत असू.

मग हे उपदेशक आले. नागपूरकडचे, उंच, हडकुळे, घोगऱ्या आवाजाचे. पहिल्याच बैठकीला पंच तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "आधी प्रार्थना. बाकी सगळं मांगून," म्हणाले, आणि डोळे मिटून बसले ते बसलेच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर सगळेच एकमेकांकडे किलकिल्या डोळ्यांनी पाहत होते. अर्धा तास त्यांनी आम्हांला तसं बसवलं. मला इतका राग आला की घरी येऊन मी आईला म्हटलं, हा माणूस देवाला झोप येईपर्यंत सोडायचा नाही. पण त्या दिवशी बैठकीत भांडण झालं नाही, हेही खरं.

त्यांची बायको त्यांच्या अगदी उलट. ठेंगणी, रुंद, हसताना तोंडावर पदर धरणारी. मी तिला वहिनी म्हणत असे. ती कापसाच्या मुलखातली. तिने मोहाचं झाड जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण पहिल्याच उन्हाळ्यात ती आमच्या बायांसोबत पहाटे टोपली घेऊन मोह वेचायला निघाली. उपदेशकभाऊंना ते रुचलं नव्हतं. त्यांच्या लेखी मोह म्हणजे दारूचं झाड. वहिनीने मोह भाजून, तिळासोबत कुटून लाडू केले आणि कशाचे ते न सांगता त्यांना वाढले. त्यांनी तीन खाल्ले. चौथ्याच्या वेळी तिला हसू आवरलं नाही आणि गोष्ट फुटली.

मोहाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फुलं झडतात ती पहाटे, आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि हरणं खाऊन जातात. दोन-तीन आठवड्यांचा खेळ. त्यात जे हाती येईल ते वाळवून ठेवायचं. तेच पावसाळ्यात शिजवून खायचं, तेच बाजारात देऊन मीठ आणि कापड आणायचं. आमच्या अकराही घरांचा मोह मंदिराच्या अंगणात वाळत असे. तेवढं मोठं, शेणाने सारवलेलं, खडा नसलेलं अंगण गावात दुसरं नव्हतं. प्रत्येक घराची जागा ठरलेली. कुणी कुणाच्या फुलाला हात लावत नसे.

उपदेशकभाऊंनी रोज सकाळी सूर्योदयाला प्रार्थना ठेवली होती. मोह सुरू झाला आणि मंदिर रिकामं पडलं. ते स्वतः शाळेपाशी घंटेऐवजी टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा बडवत राहत आणि समोर फक्त मी. चौथ्या दिवशी त्यांनी बायांना बोलावून सुनावलं की देवापेक्षा मोह मोठा झाला काय. सगळ्या माना खाली घालून उभ्या. वहिनी तेवढी म्हणाली, "मोह काय तुमच्या घंटीसाठी थांबते? दुपारी ठेवा ना जी." ते म्हणाले, दुपारी बायांचे हात कामात असतात, फुलातला कचरा निवडायचा असतो. ती म्हणाली, "असू द्या हात कामात. हातानं काय प्रार्थना करते कोनी?"

तेव्हापासून मोहाच्या दिवसांत प्रार्थना दुपारी, मंदिराच्या सावलीत होऊ लागली. बाया निवडत निवडत प्रार्थना करत. वहिनीची प्रार्थना दोन वाक्यांत संपे. माझी मात्र लांब असे. तिला सुरुवात असे, मध्य असे, शेवट असे, आणि ती ऐकून म्हाताऱ्या हुंदके देत. उपदेशकभाऊ एकदा सर्वांदेखत म्हणाले होते की प्रार्थना करावी तर बाईंसारखी. मी मान खाली घातली होती, पण आतून फुगले होते. ते फुगणं मला अजून आठवतं.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर वहिनीला दिवस राहिले. सारी मंडळी हरखून गेली. त्यांच्या दुसऱ्या मोहाच्या हंगामात तिला आठवा महिना होता आणि तरी ती पहाटे वेचायला जातच होती, जड पावलांनी, मध्ये मध्ये बसत. मग तिचे पाय सुजले. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे धुकं येतं म्हणू लागली. एके दिवशी पहाटे तिला झटका आला. दात घट्ट मिटले, डोळे फिरले. सुईण म्हणाली, "हे माह्या हातचं नाई. चांद्याले न्या."

गाडीत भाताची तणस घातली, त्यावर गोधड्या. थोरल्या पंचांचा मुलगा गाडी हाकायला. वहिनी शुद्धीत नव्हतीच म्हणा. उपदेशकभाऊ गाडीच्या चाकाशी उभे राहून मंडळीला म्हणाले, "साखळी धरा. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत बारा तास. अकरा घरं आणि बाई. तासातासानं एकेक जन मंदिरात बसा. एक मिनिट रिकामा जाऊ देऊ नका." मग माझ्याकडे वळले. "घड्याळ तुमच्यापाशी हाये, बाई. मी रस्त्यानं ध्यानात ठेवीन, आता कोन बसलं असन, आता कोन बसलं असन. तेवढाच आधार."

मी शब्द दिला. गाडी निघाली.

पहिला दिवस साखळी सुंदर चालली. मी तासातासाला रुळाचा तुकडा वाजवत होते. एक उठे, दुसरा बसे. ज्यांना दोन वाक्यं धड जोडता येत नव्हती अशी माणसं आत जाऊन तासभर बसून आली. बाहेर येताना त्यांचे चेहरे काही वेगळेच असत. मला वाटलं, एवढ्यांनी धरल्यावर वहिनीला काय होतंय.

दुसरा दिवस धानोऱ्याच्या बाजाराचा होता. ज्यांच्या पाळ्या सकाळी झाल्या ते बाजाराला गेले, ज्यांच्या संध्याकाळी होत्या ते जंगलात. माझी पाळी दोन ते तीन. माझ्यानंतर तीन ते चार तळ्याकाठच्या एका म्हातारीची. विधवा, एकटी, मासे सुकवून विकणारी. ती जाळं दुरुस्त करायला घरी गेली होती. मंदिराच्या आसपास माझ्याखेरीज कुणी नव्हतं. अंगणात अकरा घरांचा मोह पसरलेला, आणि उगवतीच्या कोपऱ्यात वहिनीचा. आदल्या आठवड्यात तिने वेचलेला.

मी आत चटईवर बसले आणि नेहमीसारखी प्रार्थना सुरू केली. शब्द छान येत होते. साधारण पंधरा मिनिटं झाली असतील. वारा एकदम पडला. मग अंधारून आलं आणि दूर गडगडलं. मी डोळे उघडले नाहीत. पुन्हा गडगडलं, जवळ. दारातून ओल्या मातीचा वास आला, म्हणजे शेजारच्या रानात पाऊस लागलाच होता.

पावसात सापडलेला मोह काळा पडतो, त्याला आंबूस वास येतो, मग तो ना खायच्या कामाचा ना विकायच्या. हे मला ठाऊक होतं. अकरा घरांचं वर्ष माझ्यासमोर उघड्यावर पडलं होतं. मी वहिनीसाठी बसले होते आणि माझ्या नकळत ढगासाठी प्रार्थना करू लागले. हा ढग फिरव, म्हटलं. मग मला देवाचा राग आला. ढग तुझा, वाराही तुझा, आणि मला इथे हात जोडून बसवलं आहेस, असं मी मोठ्याने बोलले. पहिले दोन थेंब कवेलूंवर वाजले आणि मी उठले.

खराटा घेतला, टोपली घेतली. जवळचे ढीग आधी लोटले, टोपलीने उचलून शाळेच्या खोलीत ओतले. कुणाचा कोणता ते पाहायला वेळ नव्हता. भिंतीकडेने जमेल तसे वेगळे टाकत गेले. चार घरांचा आत गेला असेल तेव्हा ती म्हातारी डोक्यावर पोतं घेऊन धावत आली. तिने माझ्या हातातला खराटा पाहिला, मग मंदिराच्या दारातून आत पाहिलं. चटई रिकामी होती. दुसरी टोपली घेतली आणि वाकली. आम्ही दोघींनी मिळून बाकीचा उचलला. वहिनीचा ढीग सगळ्यांत लांब होता. त्याच्यापाशी पोचेपर्यंत पाऊस कोसळत होता, तो भिजला.

भात शिजायला लागतो तेवढा वेळ पाऊस झाला आणि ऊन पडलं. मी घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजून गेले होते. म्हातारी तशीच ओल्या लुगड्याने आत जाऊन बसली आणि चारपर्यंत बसून राहिली. मी ओट्यावर उभी होते. आत जायला माझे पाय वळेनात.

संध्याकाळी लोक परतले. आपापला मोह कोरडा पाहून बायांनी माझ्या हातांचे मुके घेतले. थोरले पंच म्हणाले, "बाईनं गाव वाचवलं." पाळीत कोण बसलं होतं, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्या मनातही आलं नाही. आणि मी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दिवस कलता कलता गाडी परत आली. चांद्याला पोचलेली गाडी इतक्यात परतत नसते, हे गावात शिरतानाच सगळ्यांना कळलं. उपदेशकभाऊ गाडीमागे चालत होते. दिवस बुडायच्या आत आम्ही तिला मूठमाती दिली. पोटातलं मूल तिच्यासोबतच गेलं. पंचांचा मुलगा ओट्यावर बसून सांगत होता, "गडचिरोलीच्या डाक्टरनं म्हटलं लवकर चांद्याले न्या. वैनगंगेच्या वाळूत चाक रुतलं. बैल बसले. मंग आभाळ आलं, पाऊस आला. त्या पावसातच गेली जी."

तो पाऊस. कुणी वेळ विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे आला तोच ढग त्या वाळूवरही होता, आणि त्या वेळी मंदिरातली चटई रिकामी होती. मी हे त्याच क्षणी जोडलं आणि मला वाटलं, मी तिला मारलं. आज कुणी हसेल. तेव्हा मला ते इतकं उघड वाटलं होतं की लोकांना माझ्या तोंडावर वाचता कसं येत नाही याचंच नवल वाटे.

पुढच्या रविवारपासून एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. उपदेशकभाऊ वचन वाचत, गीत धरत, उपदेशही करत. पण प्रार्थनेची वेळ आली की पंचांकडे पाहत. स्वतः करत नसत. बैठकीतला अर्धा तास पाव तासावर आला, मग कुणीतरी थेट कामाचं बोलू लागलं आणि त्यांनी हात वर केला नाही. ज्यांनी आम्हांला बसायला शिकवलं त्यांचंच बसणं सुटलं होतं. हळूहळू लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली. एका बैठकीत थोरल्या पंचांनी सरळच काढलं, "डोल विहिरीत पडते म्हणजे कुठली तरी कडी तुटली असते. साखळी कोनाच्या पाळीत तुटली, हे समजाले पायजे. येत्या रविवारी ज्यानं त्यानं सांगाव."

बाहेर पडताना म्हातारीने मला तळ्याच्या बांधावर गाठलं.

"म्या काई पाह्यलं नाई, बाई," ती म्हणाली.

"पाहिलंस तू," मी म्हटलं. मला तिचाही राग आला होता.

"रविवारी मी सांगतो, माह्या पाळीत तुटली म्हून. तीन वाजता बसाचं होतं, साडेतीनले बसली. खोटं थोडीच हाये. म्हातारीले कोन काय म्हनते?"

तिच्याकडे मला पाहवेना. माझं पाप ती उचलायला निघाली होती, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणाची मला सगळ्यांत जास्त किळस आली.

शनिवारी सकाळची शाळा सोडली आणि मी उपदेशकभाऊंना मंदिरात गाठलं. ते बाजाच्या पेटीची धूळ पुसत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ढगाचं, रागाचं, खराट्याचं. लोकांनी केलेल्या कौतुकाचंही सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. ते फडकं हातात धरून ऐकत होते.

मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा क्षमेचं काहीतरी बोलतील. त्यांनी विचारलं, "किती भिजला?"

मला कळेचना. "काय?"

"मोह. किती भिजला?"

"वहिनींचा तेवढा," मी म्हटलं. "बाकी सगळ्यांचा आत गेला."

ते खाली बसले, तिथेच, पेटीला टेकून. मग बोलू लागले.

"चाक रुतलं होतं. मी त्या पोराले शिव्या देऊन राह्यलो होतो, बैलाइले शिव्या देऊन राह्यलो होतो. ह्या तोंडानं. दुपार झाली होती, मले ठाऊक होतं तुमची पाळी हाये. बाई बसली असन म्हून मी बिनघोर शिव्या देत होतो. तवा तिनं डोळे उघडले. आदल्या दिवसापासून पयल्यांदा. आभाळ पाह्यलं, अन् म्हणाली, 'अंगणात मोह हाये ना जी. कोनी उचलला असन काय?'"

त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मी तिच्यावर वसकन ओरडलो. म्हटलं, मोहाचं काय घेऊन बसली, देवाचं नाव घे. तिनं माह्याकडं पाह्यलं. म्हणाली, 'बाई हाये तिथी.' बस. मंग काई बोलली नाई. मी देवाचं नाव घेऊन तिचं तोंड बंद केलं, बाई. तवापासून ते नाव घ्यायले गेलो का माह्यंच तोंड बंद होते."

मी रडले. मोकळी झाले म्हणून नव्हे. तिने मला ओळखलं होतं. मी उठणार हे तिला त्या वाळूवर पडल्या पडल्या ठाऊक होतं. आणि ज्या माणसाने माझ्या बसण्यावर भार टाकला होता तो माझ्यासमोर होता. एकाच वेळी मी एकीच्या विश्वासाला उतरले होते आणि दुसऱ्याचा मोडला होता. यातलं काय मोठं, ते मला तेव्हा सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी पंचांनी विषय काढला. म्हातारी उठायला लागली, पण उपदेशकभाऊ तिच्याआधी उभे राहिले. "साखळी माह्या हातून तुटली," ते म्हणाले. "तिच्यापाशी बसून मी प्रार्थना केली नाई, शिव्या देल्या. आता हे कोनी विचारू नका." ते खरं बोलले होते, आणि त्या खऱ्याआड मी लपले. मलाही उभं राहता आलं असतं. मी राहिले नाही. मंडळीला मी हे आज या कागदावर पहिल्यांदा सांगते आहे.

सोमवारपासून मी रोज दोन वाजता मंदिरात जाऊन बसू लागले. ती पाळी माझीच राहिलेली होती. दुसऱ्या दिवशी उपदेशकभाऊही आले आणि समोरच्या भिंतीशी बसले. एकटी पोर आणि विधुर माणूस, लोक बोलतील म्हणून म्हातारी आपण होऊन दारात येऊन बसली, मांडीवर जाळं घेऊन. तिघांपैकी कुणी तोंडाने प्रार्थना केली नाही. माझी ती सुरुवात-मध्य-शेवटाची प्रार्थना मला आठवेना. एखादं वाक्य मनात जुळवलं तरी ते खोटं वाटे. आम्ही नुसते तासभर बसत असू आणि तीन वाजले की उठत असू. हंगाम संपला, पळस झडले, उन्हाने तळं आटलं, तरी बसत होतो. कधी एखादी बाई येऊन मागे बसून जाई. पुढे पावसाळ्यात पंचही बैठकीआधी येऊन टेकू लागले, आणि अर्धा तास परत आला तो असा. पाहुण्यांना सांगण्यासारखं त्यात काही नाही.

पण त्याआधीची एक दुपार आहे. मृग लागायला आला होता. आम्ही तिघंच होतो. आभाळ भरून आलं आणि गडगडलं. माझे हात आपोआप जमिनीवर टेकले, उठायला. अंगणात काही नव्हतं. मी परत बसले. समोर उपदेशकभाऊंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. इतक्या दिवसांनी तो घोगरा आवाज प्रार्थनेत ऐकून मी मान वर केली.

"प्रभू," ते म्हणाले, "तिले सांगजो, मोह उचलला होता. आपला भिजला. बाकी सगळ्याइचा आत गेला."

आमच्यात अशी प्रार्थना चालत नाही. गेलेल्यांना आम्ही देवाकडून निरोप धाडत नाही. हे त्यांनीच आम्हांला शिकवलं होतं. मी आमेन म्हटलं. दारात बसलेल्या म्हातारीनेही म्हटलं.